दिवा हिरवा आहे

आमच्या कार्यालयातला सर्व्हर आजतागायत एकदाही बंद पडलेला नाही, हे मी सुरुवातीलाच नमूद करून ठेवतो. पुढची हकीकत वाचताना काही विघ्नसंतोषी मंडळींचा गैरसमज होण्याचा संभव आहे, म्हणून.

आमचं कार्यालय निवृत्त लोकांच्या उपचारांना मंजुरी देतं. माणूस निवृत्त होतो, आजारी पडतो, अर्ज करतो. अर्ज सर्व्हरवर चढतो, तिथे मंजुरी तयार होते, ती दवाखान्याला त्याच्या पडद्यावर दिसली की दवाखाना माणसाला आत घेतो. छापील कागद दवाखाना मानत नाही, कारण छापील कागदांवर विसंबू नये असं परिपत्रक आम्हीच काढलेलं आहे. मी या कार्यालयाचा उपप्रमुख. प्रमुख म्हणजे मोठे साहेब. आणि सर्व्हरची नाडी बघणारा एक माणूस आहे, त्याला सगळे वैद्यबुवा म्हणतात. एकदा केलेलं काम दुसऱ्यांदा हाताने करायचं नाही, असा या वैद्यबुवांचा बाणा आहे. दुसऱ्यांदा आलेल्या कामासाठी ते एक छोटा प्रोग्राम लिहून मोकळे होतात. मला रोज सकाळी त्यांचा 'नमस्कार साहेब, हजर आहे' असा मेल येतो. ते रजेवर असले तरी येतो.

दर्शनी दालनात एक मोठा फलक आहे. त्यावर 'सेवा अखंड सुरू' अशी अक्षरं आणि शेजारी एक दिवा. हा फलक दर मिनिटाला सर्व्हरला विचारतो, 'आहेस का?' सर्व्हर म्हणतो, 'आहे.' उत्तर लगेच आलं की दिवा हिरवा, उशिरा आलं की पिवळा, आलंच नाही तर लाल. लाल दिवा कसा दिसतो हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नाही. या महिन्याच्या अखेरीस 'अखंड सेवा सन्मान' देणारी समिती आमच्याकडे यायची होती, आणि मोठ्या साहेबांनी सन्मानचिन्ह ठेवायला भिंतीत कोनाडाही करून घेतला होता.

आता घरचं सांगतो, कारण त्याचा कामाशी संबंध आला. माझी थोरली बहीण, ताई, माझ्याकडेच असते. माझी पत्नी गेली तेव्हा मुलगा लहान होता. ताईने आपली बदली मागून घेतली, आमच्या घरी राहायला आली आणि शाळेत शिकवता शिकवता त्याला वाढवला. मुलगा आता दूरच्या शहरात नोकरी करतो. त्याचं मला अतिशय कौतुक आहे. रोज सकाळी मी त्याला फोनवर लिहितो, 'कसा आहेस?' पापणी लवायच्या आत उत्तर येतं, 'मजेत, बाबा. तुम्ही काळजी घ्या.' इतरांची मुलं दोन दोन दिवस उत्तर देत नाहीत. याला संस्कार म्हणतात, असं मी कार्यालयात अनेकदा सांगितलेलं आहे. तो निघाला तेव्हा त्याच्या नव्या फोनची जुळवाजुळव वैद्यबुवांनीच करून दिली होती.

ताईच्या डोळ्यांमागच्या पडद्याला काहीतरी झालं होतं. डॉक्टरीणबाईंनी तपासून स्पष्ट सांगितलं, "ऑपरेशन महिना संपायच्या आत झालं पाहिजे. उशीर झाला तर डावा डोळा हाती लागणार नाही." निवृत्त होईपर्यंत ताईने मुलांच्या वह्यांतल्या चुका काढल्या होत्या. वर्तमानपत्र वाचतानाही हातात पेन्सिल असायची. आता ती चहा कपाशेजारी ओतायला लागली होती.

"अरे, काम तुझ्याच ऑफिसातलं ना?" ती म्हणाली. "काखेत कळसा आणि गावाला वळसा नको रे बाबा."

"ताई, तुझा अर्ज मी स्वतः चढवतो," मी म्हणालो. "सोमवारी सकाळी. नियमाने."

सोमवारी सकाळी अर्ज चढला नाही. पडद्यावर अक्षरं आली, 'डिस्कवर जागा शिल्लक नाही.' सगळ्या टेबलांवर तीच अक्षरं होती. मी दालनात जाऊन पाहिलं. दिवा हिरवा होता. माझ्या जिवात जीव आला आणि मी वैद्यबुवांना बोलावलं.

"साहेब, डिस्क भरली," ते म्हणाले.

"कशाने? अर्जांनी?"

"अर्ज हो किती असणार? कोपऱ्यात मावतील. ही फाइल बघा." त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला. वरपासून खालपर्यंत एकच मजकूर होता. 'विचारलं. आहे म्हणालो. विचारलं. आहे म्हणालो.'

"हे काय आहे?"

"फलक विचारतो, सर्व्हर उत्तर देतो. आणि उत्तर दिलं याची नोंद ठेवतो. फलक लागला तेव्हापासून ठेवतोय."

म्हणजे कुंपणानेच शेत खाल्लं होतं. पण कुंपणाचं उद्घाटन मोठ्या साहेबांच्या हस्ते झालेलं असल्यामुळे मी तसं बोललो नाही. "मग पुसून टाका ती फाइल," मी म्हणालो.

"पुसली की. आल्या आल्या पुसली. फाइल गेली, जागा नाही सुटली."

"असं कसं?"

"उत्तर देणारा प्रोग्राम तिला धरून बसलाय. दारावरची पाटी काढली म्हणून भाडेकरू खोली सोडतो का? तसंच आहे हे. त्याला एकदा बंद करायचा आणि पुन्हा सुरू करायचा. मिनिटभराचं काम. सगळी जागा मोकळी होईल."

"बंद?" मी विचारलं. "आणि त्या मिनिटात फलक काय दाखवणार?"

"लाल," वैद्यबुवा म्हणाले.

मी उठून केबिनचं दार लावून घेतलं.

मोठ्या साहेबांनी सगळं शांतपणे ऐकलं. मग त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला. "समितीला मागचा सगळा इतिहास दिसतो," ते म्हणाले. "हिरव्या पट्ट्यात एक लाल ठिपका. पांढऱ्या शर्टावर शाईचा डाग पडला की लोक शर्ट बघतात का?"

"पण साहेब, मंजुऱ्या थांबल्यात."

"मंजुऱ्या सन्मानाच्या निकषांत आहेत का?"

नव्हत्या. मी निकष पाठ केलेले होते.

"प्रोग्राम जरूर पुन्हा सुरू करा," साहेब वैद्यबुवांना म्हणाले. "माझी ना नाही. फक्त बंद न करता करा."

"साहेब, झोपल्याशिवाय जागं कसं व्हायचं?"

"तो तांत्रिक भाग झाला. तो तुम्ही बघा."

वैद्यबुवांनी तांत्रिक भाग बघितला. सर्व्हरवर एक तात्पुरता फोल्डर होता, वेगळ्या छोट्या डिस्कवर. मंजुऱ्या तूर्त तिथे ठेवायच्या असं ठरलं. मंगळवारी काम धडाक्यात सुरू झालं. ताईचा अर्ज मी स्वतः चढवला, मंजुरी स्वतः दिली, दवाखान्याला फोन केला. तिकडून उत्तर आलं, हो, दिसतेय, गुरुवारी घेऊन या. संध्याकाळी घरी जाताना मी फुलं नेली.

"बघ," मी म्हणालो, "उगाच सिस्टिमला नावं ठेवतेस."

"मी कधी ठेवली?" ताई म्हणाली. "फुलं कुठल्या रंगाची आहेत रे?"

गुरुवारी आम्ही दवाखान्यात गेलो. ताईने सकाळपासून काही खाल्लं नव्हतं, तसं सांगितलं होतं. खिडकीतल्या बाईंनी पडदा बघितला, ताईचं नाव पुन्हा विचारलं, पुन्हा पडदा बघितला. "मंजुरी नाहीये," त्या म्हणाल्या.

"परवा तुम्हीच दिसतेय म्हणालात!"

"परवा दिसत होती हो काका. आज नाही दिसत. मी काय करू?"

ताईला बाकावर बसवून मी वैद्यबुवांना फोन लावला. ते म्हणाले, "अरेच्चा. तात्पुरत्या फोल्डरची रोज रात्री सफाई होते. आपोआप. तात्पुरतं म्हणून जे असेल ते सगळं पुसलं जातं."

"तुम्हाला माहीत नव्हतं?"

"ती सफाई मीच लावलीय, साहेब. लावल्यावर परत बघायची गरजच पडली नाही, इतकी चोख चालते."

म्हणजे आम्ही दिवसभर मंजुऱ्या द्यायच्या आणि सर्व्हरने रात्री त्या झाडून टाकायच्या. सफाई थांबवायचा प्रस्ताव मी लगेच मांडला. पण गेल्या वर्षी याच सफाईबद्दल आम्हाला 'स्वच्छ कार्यालय' प्रमाणपत्र मिळालेलं होतं. सफाई थांबवणं म्हणजे घाणीला उत्तेजन देणं, असा शेरा पडून प्रस्ताव परत आला.

माणूस रोज गायब होणाऱ्या मंजुरीसाठी रोज नवा अर्ज करतो. निवृत्त माणसाला तर दुसरं कामही नसतं. लोक सकाळी बटण दाबू लागले, दुपारी दाबू लागले, घरच्यांना दाबायला लावू लागले. सर्व्हर धापा टाकायला लागला. आणि एके दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला फलकाने विचारलं, 'आहेस का?' तर उत्तर यायला वेळ लागला आणि दिवा पिवळा झाला.

मोठे साहेब स्वतः दालनात धावत आले. त्यांना धावताना मी प्रथमच पाहत होतो. "कुणामुळे?" ते ओरडले.

"लोकांमुळे," वैद्यबुवा म्हणाले, आणि ते खरंच होतं.

रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असं म्हणतात. पण आमच्याकडे पखालीला रीतसर नोटीस गेली. 'सेवेच्या अखंडतेस बाधा येऊ नये म्हणून सर्व अर्जदारांचे लॉगिन महिनाअखेरपर्यंत स्थगित करण्यात येत आहेत. गैरसोयीबद्दल सर्व्हर सुरू आहे.' शेवटचं वाक्य जरा घाईत लिहिलं गेलं, पण मोठ्या साहेबांना ते आवडलं आणि तसंच राहिलं. दिवा हिरवा झाला.

मग अर्जच येत नाहीत तर मंजुरीचा प्रोग्राम कशाला चालू ठेवायचा, म्हणून तोही बंद केला. त्याला बंद करायला काहीच हरकत नव्हती, तो फलकावर नव्हता. आता सर्व्हरला एकच काम उरलं होतं. कुणी विचारलं की आहे म्हणायचं. पण डिस्क भरलेली, त्यामुळे नोंद लिहायला जागा नाही, म्हणून तो मधूनमधून चाचरायचा. मोठ्या साहेबांची झोप उडाली. तेव्हा वैद्यबुवांनी डबीएवढं एक यंत्र आणलं, सर्व्हरचा पत्ता त्याला दिला आणि फलकाची वायर त्याच्याकडे वळवली. आता फलकाने विचारलं की डबी म्हणायची, 'आहे.' एकदाही चाचरली नाही.

इथे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. "वैद्यबुवा, आता सर्व्हर बंद करून सुरू केला तर फलक लाल होईल का?"

"छे. डबी आहे ना."

"म्हणजे आता मिनिटभरात सगळं दुरुस्त होऊ शकतं? सगळी जागा मोकळी? मंजुऱ्या सुरू?"

"होऊ शकतं की."

मी जवळजवळ पळतच मोठ्या साहेबांकडे गेलो. ताईचं ऑपरेशन अजून महिन्यात बसत होतं. साहेब खिडकीतून दालनातल्या दिव्याकडे बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर नातवंडं बघतानाचा भाव होता.

"दुरुस्त?" ते म्हणाले. "काय बिघडलंय?"

मी दिव्याकडे बघितलं. खरोखरच काही बिघडलेलं दिसत नव्हतं.

"सुरू असलेल्या गोष्टीला हात लावायचा म्हणजे हात दाखवून अवलक्षण," ते म्हणाले. "उलट मी म्हणतो, डबी सगळं सांभाळते, तर ते मोठं धूड फुकट वीज का खातंय?"

त्याच दुपारी सर्व्हर बंद करण्यात आला. मी सुरुवातीला म्हणालो की आमचा सर्व्हर एकदाही बंद पडलेला नाही. तो पडला नाही, आम्ही केला. हा फरक समजून घ्यावा.

त्या संध्याकाळी ताईने विचारलं, "आपणच खर्च करून टाकूया का? माझ्या बांगड्या आहेत."

"वेडी आहेस का?" मी म्हणालो. "उपप्रमुखाच्या घरातलं माणूस मंजुरीशिवाय ऑपरेशन करून घेतं, याचा अर्थ काय होतो? उपप्रमुखाचाच व्यवस्थेवर विश्वास नाही असा होतो. ऐन समितीच्या वेळी!"

"बरं," ताई म्हणाली. तिने सुईत दोरा ओवायचा प्रयत्न चालवला होता. थोड्या वेळाने तिने सुई खाली ठेवली आणि ती कुठे ठेवली हे हाताने चाचपत बसली.

दुसऱ्या दिवशी ती मला न सांगता एकटीच कार्यालयात आली. दालनात ती भिंतीला धरून उभी होती. शिपाई तिला बसायला सांगत होता.

"ताई, तू इथे कशी?"

"म्हटलं आपण स्वतः बघावं काय अडलंय ते." ती फलकाच्या दिशेने तोंड करून म्हणाली, "डाव्या डोळ्याने एवढा हिरवा ठिपका तेवढा दिसतोय बघ. बाकी काही नाही. चांगला मोठा लावलाय हो तुम्ही."

मला गहिवरून आलं. समितीला सांगण्यासारखी गोष्ट होती ती, आणि मी सांगितलीही.

समिती महिन्याच्या शेवटच्या दिवशी आली. आधी दालनात थांबून त्यांनी दिवा पाहिला, मग हिरवाच हिरवा इतिहास पाहिला. मग सर्व्हरच्या खोलीत गेले. खोली गार आणि निःशब्द होती. "इतकी शांत सर्व्हर रूम आम्ही कुठे पाहिली नाही," अध्यक्ष म्हणाले. "नाहीतर नुसती घरघर असते. लोकांच्या तक्रारी?"

"लॉगिन बंद केल्यापासून एकही नाही," मोठे साहेब म्हणाले.

अध्यक्षांनी ते लिहून घेतलं. आम्हाला सन्मान मिळाला, शिवाय विजेच्या बचतीबद्दल एक वेगळा मिळाला. त्यासाठी दुसरा कोनाडा करावा लागणार आहे. सन्मान पदरात पडल्यावर चार दिवसांनी वैद्यबुवांनी सर्व्हर पुन्हा चालू केला. मिनिटभरात सगळी जागा मोकळी झाली, मंजुऱ्या धडाधड निघू लागल्या, आणि ताईची मंजुरी सगळ्यात पहिली निघाली.

डॉक्टरीणबाईंनी ताईच्या डाव्या डोळ्यात बराच वेळ प्रकाश टाकून पाहिलं. "आता उजव्याचं बघू," त्या म्हणाल्या. "याला उशीर झाला."

घरी आल्यावर ताई म्हणाली, "बाळूला कळवायला हवं. तुझा फोन दे." बाळू म्हणजे माझा मुलगा. तिला अक्षरं दिसत नव्हती, म्हणून तिने फोनला तोंडानेच सांगितलं आणि फोनने ते लिहून पाठवलं. 'बाळू, मी आत्या बोलतेय. माझा डावा डोळा गेला रे.'

पापणी लवायच्या आत उत्तर आलं. मी ते मोठ्याने वाचायला लागलो आणि अर्ध्यावर थांबलो.

"काय म्हणतोय?" ताईने विचारलं.

"मजेत, बाबा. तुम्ही काळजी घ्या," मी वाचलं.

ताईने फोन पुन्हा मागितला. 'बाळू, आपलं घर जळालं,' तिने सांगितलं. मजेत, बाबा. तुम्ही काळजी घ्या. 'बाळू, सात आठे किती?' मजेत, बाबा. तुम्ही काळजी घ्या. आणि मग ताई हसायला लागली. पदराने डोळे पुसत, पुसायला काही अर्थ उरला नव्हता त्या डोळ्यासकट दोन्ही पुसत, ती हसत राहिली.

"हिरवा आहे रे तुझा मुलगा," ती म्हणाली. "अगदी हिरवागार."

मी वैद्यबुवांना फोन लावून चांगलं फैलावर घेतलं. ते जराही ओशाळले नाहीत. "साहेब, बाळू म्हणाला, बाबा रोज तेच विचारतात आणि मी रोज तेच लिहितो. मग दिला एक प्रोग्राम लिहून," ते म्हणाले. "आणि तुम्हीच तर सगळीकडे सांगत होता, उत्तर कसं लगेच येतं म्हणून. काही बिघडलं का?"

मी विचार केला. खरं म्हणजे बाळूला साधा फोन लावून बोलायचं होतं, मिनिटभराचं काम होतं. पण त्याने उचललाच नाही तर? इतक्या वर्षांत एकदाही असं झालेलं नाही, आणि व्हायला नको आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीप्रमाणे लिहिलं, 'कसा आहेस?' तो मजेत होता. मी उत्तर मोठ्याने वाचलं, तेव्हा ताई शेजारच्या खुर्चीत बसून ऐकत होती.

ही हकीकत लोकांच्या उपयोगी पडावी म्हणून मी माझ्या ओळखीच्या सगळ्यांना फोनवर पाठवली आहे. बरीच लांब आहे, तरी पाठवताक्षणी प्रत्येकाकडून अंगठा आला. इतक्या लवकर ती वाचून कशी झाली, हे मी कुणाला विचारलेलं नाही. तुम्हालाही विचारणार नाही.